सोनेरी तांदूळ : प्रयोगशाळेतून ताटापर्यंत



गेल्या महिन्यात एका सकाळी एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार नातवाच्या खोकल्याची होती. तपासणी आटोपली, औषधे लिहून झाली, तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदाची एक पुडी काढून माझ्यापुढे सोडली. पुडीत मूठभर तांदूळ होता. दाणे किंचित निराळ्या रंगाचे आणि सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

"डॉक्टरसाहेब, रेशनच्या तांदळातून हे रोज निवडून टाकते. सून म्हणते, मोबाइलवर आलंय, हा प्रयोगशाळेत बनवलेला, जीन बदललेला तांदूळ आहे. पोराच्या ताटात कसा घालू?"

मी त्यांना सांगितले, "आजी, हे दाणे तांदळाच्याच पिठाचे आहेत. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून त्यांना तांदळाचा आकार देतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे एक याप्रमाणे साध्या तांदळात मिसळतात. यात प्लास्टिक नाही आणि जीन बदलण्याचा तर काही संबंधच नाही. टाकू नका."

आजींनी मान हलवली, पण समाधान झालेले दिसले नाही. पुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "मग तो प्रयोगशाळेतला तांदूळ असतो तरी कसा?"

बाहेर रुग्ण खोळंबले होते. पाच मिनिटांत देता येईल असे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते या अंकात देत आहे, कारण हा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो आणि त्याची उत्तरे बहुधा भीतीने किंवा भाबडेपणाने दिली जातात.

एका मुलाची संध्याकाळ

या विषयाशी माझा संबंध पुस्तकातून जडलेला नाही. नव्वदच्या दशकात आंतरवासी डॉक्टर म्हणून मी भंडारा जिल्ह्यातील एका ग्रामीण आरोग्य केंद्रात काही महिने काम केले. भाताचा मुलूख, दोन्ही वेळच्या ताटात भात आणि त्यावर पातळसर वरण किंवा चिंचेचे सार. एक आई आपल्या साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला जुलाबासाठी घेऊन आली. मी क्षारसंजीवनीची पाकिटे दिली आणि पाणी कसे उकळावे ते सांगितले. जाता जाता ती म्हणाली, "दिवस बुडाला की हा एका जागी बसून राहतो, खेळत नाही." मी त्याचा अर्थ अशक्तपणा असा लावला आणि पुढचा रुग्ण बोलावला.

आठवड्याने ती पुन्हा आली तेव्हा केंद्रातील अनुभवी परिचारिकेने मुलाला दाराशी उजेडात उभे केले आणि मला हाक मारली. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूस, फेसासारखे राखाडी-पांढरे त्रिकोणी ठिपके होते. परीक्षेत या 'बिटॉट ठिपक्यां'वर मी पूर्ण गुण मिळवले होते; समोर आलेल्या मुलाच्या डोळ्यांत मात्र ते मला दिसले नव्हते. मूल संध्याकाळी खेळत नव्हते, कारण त्याला दिसत नव्हते. तो रातांधळेपणा होता. आणखी काही आठवडे गेले असते आणि मध्येच गोवर झाला असता, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून दृष्टी कायमची गेली असती.

'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा लगेच, दुसऱ्या दिवशी आणि काही आठवड्यांनी पुन्हा, अशा दिल्या. चौथ्या दिवशी आईने येऊन सांगितले, की काल दिवेलागणीला मुलगा अंगणात कोंबड्यांमागे धावला. ठिपके जायला पुढे बरेच दिवस लागले. नियमित मात्रा देण्याचा सरकारी कार्यक्रम आपल्याकडे १९७० पासून आहे. पण गावात ती दिली जात होती तेव्हा हे कुटुंब मजुरीसाठी वीटभट्टीवर गेलेले होते.

त्या मुलाच्या ताटात भात होता, पोटभर होता, आणि तरीही त्याचे डोळे उपाशी होते. असे का होते?

पानात आहे, दाण्यात नाही

आपल्या दृष्टिपटलावर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनते. पुरवठा तुटला की सर्वप्रथम संधिप्रकाशातील दृष्टी मंदावते. हेच जीवनसत्त्व डोळ्यांचे, श्वसनमार्गाचे आणि आतड्यांचे अस्तर निरोगी ठेवते. म्हणूनच त्याच्या अभावी मुले केवळ आंधळी होत नाहीत. गोवर आणि जुलाबासारख्या आजारांनी दगावतातही. डॉ. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या गावांतील मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने 'अ' जीवनसत्त्व दिले तेथे बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले होते.

हे जीवनसत्त्व दूध, अंड्याचा बलक, यकृत अशा प्राणिज पदार्थांतून थेट मिळते. वनस्पतींतून मिळते ते बीटा-कॅरोटिन. आतड्याच्या भिंतीत त्याचे रूपांतर 'अ' जीवनसत्त्वात होते. भाताच्या हिरव्यागार पानांत बीटा-कॅरोटिन भरपूर असते. आपण खातो तो पांढरा दाणा म्हणजे मात्र बीजातील भ्रूणपोष, रोपट्यासाठी साठवलेली पिष्टमय शिदोरी, आणि त्यात ते नसते. ते तयार करण्याच्या साखळीतील सुरुवातीच्या पायऱ्या दाण्यात शाबूत आहेत, पण पुढच्या काही बंद आहेत.

या बंद पायऱ्या दाण्यात सुरू करता येतील का, असा प्रश्न स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील इंगो पोट्रिकस आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातील पीटर बायर यांना पडला. जवळपास संपूर्ण नव्वदचे दशक त्यांनी या एका कामात घालवले. डॅफोडिल या पिवळ्या फुलाच्या झाडातील आणि मातीत-झाडांवर आढळणाऱ्या एका जिवाणूतील जनुके त्यांनी भातात बसवली आणि जानेवारी २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाणा फिकट पिवळा निघाला. हाच 'गोल्डन राइस', सोनेरी तांदूळ. त्या पहिल्या दाण्यात एका ग्रॅममागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड द्रव्ये होती. २००५ मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचे जनुक वापरून केलेल्या दुसऱ्या पिढीच्या तांदळात हे प्रमाण जास्तीत जास्त ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले.

एका दाण्यापासून नवे रोप

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. प्रयोगशाळेत तांदूळ 'बनवत' नाहीत. तेथे भाताचे एक रोप वाढवतात, आणि पुढचे सारे दाणे शेतातच पिकतात. हे रोप वाढवण्याच्या तंत्राला ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, म्हणतात.

आज अनेक प्रयोगशाळांत रूढ असलेली रीत साधारण अशी आहे. भाताचा दाणा सोलून, आम्ही शस्त्रक्रियेची हत्यारे करतो तसा निर्जंतुक करून, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे असलेल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवतात. त्यात टू-फोर-डी हे वाढीचे संप्रेरक घातलेले असते. शेतकरी वाचकांना हे नाव तणनाशक म्हणून परिचित असेल. येथे त्याचे प्रमाण एका लिटरमागे केवळ २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या अल्प मात्रेने दाण्याच्या भ्रूणाजवळील पेशी आपले ठरलेले काम विसरतात आणि नुसत्या विभागत राहतात. तीन-चार आठवड्यांत तेथे पिवळसर, दाणेदार गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात.

हा शब्द आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. मोडलेले हाड जुळताना एक्स-रेमध्ये सांध्याभोवती जो ढगासारखा भाग दिसतो, त्यालाही आम्ही कॅलसच म्हणतो. परंतु आपला कॅलस हाड जोडून थांबतो. वनस्पतीच्या कॅलसमधील एकेक पेशी योग्य संप्रेरके मिळताच मूळ, खोड, पाने, फुले यांसह संपूर्ण झाड उभे करू शकते. जनुकांतरासाठी हीच क्षमता मोलाची ठरते. वाढलेल्या झाडातील कोट्यवधी पेशींत नवे जनुक बसवणे अशक्य आहे. एका पेशीत बसवून तिच्यापासून झाड वाढवणे शक्य आहे.

जनुक पेशीत नेण्याचे काम ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतल्या जिवाणूकडून करवून घेतात. हा जिवाणू निसर्गतः अनेक झाडांच्या खोडावर गाठी आणतो, आणि त्या आणताना स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातील गाठी आणणारी जनुके काढून तेथे हवी ती जनुके ठेवली. भातासारख्या तृणधान्यांवर हा जिवाणू सहसा चालत नाही असा समज होता. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी भाताच्या कॅलसवर ही पद्धत विश्वासार्हपणे यशस्वी करून दाखवली. जखमी झाडातून स्रवणारे एक द्रव्य खाद्यात मिसळून जिवाणूला 'येथे जखम आहे' असा संकेत देणे, हा त्यातील महत्त्वाचा भाग होता.

जिवाणू आणि कॅलस दोन-तीन दिवस एकत्र ठेवल्यानंतर जिवाणूचे काम संपते. मग त्याला मारण्यासाठी बहुधा सेफोटॅक्झिम वापरतात. हेच प्रतिजैविक रुग्णालयात आम्ही इंजेक्शनाने देतो. यापुढचा टप्पा निवडीचा. लाखो पेशींपैकी फार थोड्यांत जनुक शिरलेले असते. त्या ओळखण्यासाठी जनुकासोबत एक खूणही पाठवतात. पहिल्या सोनेरी तांदळात ही खूण म्हणजे एका प्रतिजैविकाला दाद न देण्याची शक्ती होती. 'या प्रतिजैविकरोधाचा माणसांवर काय परिणाम?' असा रास्त प्रश्न विचारला गेला. दुसऱ्या पिढीत ती खूण बदलली गेली. मॅनोज ही साखर भाताच्या पेशींना सहसा पचत नाही. नव्या खुणेमुळे ती पचू लागते. खाद्यात मॅनोज घातले की खूण असलेल्या पेशी वाढतात, इतर उपाशी राहतात.

अखेर पुनर्जनन. निवडलेला कॅलस निराळ्या संप्रेरकांच्या खाद्यावर, उजेडात ठेवतात. पिवळ्या गोळ्यावर हिरवे ठिपके उमटतात, त्यांतून कोंब फुटतात, मग मुळे धरतात. नाजूक रोपे हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करत हरितगृहातील कुंडीत जातात. दाण्यापासून कुंडीपर्यंतच्या या प्रवासाला काही महिने लागतात.

जे बिघडू शकते

हे सर्व इतके सरळ घडत नाही. काही कॅलस काळे पडून मरतात. काही रोपे हरितद्रव्याविना पांढरी निपजतात आणि तगत नाहीत. आपल्याकडील बहुतेक भात ज्या इंडिका गटात मोडतात, त्यांच्या कॅलसपासून रोपे मिळवणे जपोनिका गटातील जातींपेक्षा कठीण जाते. म्हणून सोनेरी तांदूळही प्रथम जपोनिका जातींत तयार झाला आणि नंतर नेहमीच्या संकराने स्थानिक जातींत उतरवण्यात आला.

मोठा धोका निराळाच आहे. नवे जनुक भाताच्या गुणसूत्रात नेमके कोठे बसेल, हे या पद्धतीत ठरवता येत नाही. ते एखाद्या रिकाम्या जागी बसले तर ठीक. एखाद्या कामाच्या जनुकाच्या मध्येच घुसले तर ते जनुक निकामी होते. ही शंका केवळ कल्पनेतली नाही, आणि ती भारतातच तपासली गेली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सोनेरी तांदळाची एक जोडणी 'स्वर्णा' या लोकप्रिय जातीत उतरवली. दाणा पिवळा आला, पण झाडे खुजी आणि फिकट राहिली, उत्पन्न घटले. नवे जनुक वनस्पतीच्या वाढीशी संबंधित संप्रेरक वाहून नेणाऱ्या एका जनुकात घुसून बसले होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मान्यतेसाठी जी जोडणी मांडली गेली ती वेगळी होती.

या उदाहरणातून मी एक गोष्ट शिकलो. 'जनुकीय बदल सुरक्षित आहे का?' हा प्रश्न 'औषधे सुरक्षित आहेत का?' या प्रश्नासारखाच अपुरा आहे. कोणते औषध, कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, हे विचारल्याखेरीज मी उत्तर देत नाही. बियाण्याबाबतही प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

सोनेरी तांदळाच्या निवडलेल्या जोडणीची अशी तपासणी झाली. नवी प्रथिने ॲलर्जी आणणाऱ्या ज्ञात प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत का, पाचकरसात ती तुटतात का, तांदळाचे इतर घटक बदलले का, हे पाहिले गेले. २०१७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि २०१८ मध्ये कॅनडा व अमेरिका येथील अन्ननियामकांना सुरक्षिततेबाबत आक्षेपार्ह काही आढळले नाही. मात्र अमेरिकेच्या नियामकाने आणखी एक गोष्ट नोंदवली: त्या तांदळातील बीटा-कॅरोटिन इतके थोडे आहे, की अमेरिकी आहाराच्या हिशेबात त्यावर पोषणमूल्याचा दावा छापता येणार नाही. जेथे लोक दिवसातून दोन-तीनदा भात खातात तेथे हिशेब निराळा होईल हे खरे. पण साठवणीत बीटा-कॅरोटिन घटत जाते, आणि ते अंगी लागण्यासाठी आहारात तेल-तूप लागते, हेही तितकेच खरे. जुलाबाने जर्जर झालेल्या माझ्या त्या बालरुग्णाला केवळ पिवळ्या भाताने दृष्टी परत मिळाली असती, असे मी म्हणू शकत नाही.

संमतीवाचून दिलेला घास

या कथेतील एक प्रकरण मला डॉक्टर म्हणून अस्वस्थ करते. चीनच्या हुनान प्रांतातील शाळकरी मुलांना सोनेरी तांदळाचा भात देऊन त्यातून किती 'अ' जीवनसत्त्व मिळते हे मोजले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु मुलांना दिलेला तांदूळ जनुके बदललेला आहे, हे पालकांना नीट सांगितलेच नव्हते, असे चौकशीत उघड झाले. २०१५ मध्ये त्या नियतकालिकाने तो शोधनिबंध मागे घेतला. मुलांना अपाय झाल्याचा पुरावा नव्हता. तरीही संमतीवाचून दिलेला घास हा प्रयोगच ठरतो, आणि त्या एका चुकीने खऱ्या निष्कर्षांवरचाही विश्वास उडाला.

अविश्वासाने दुसऱ्या बाजूनेही नुकसान केले. फिलिपाइन्समध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये जमावाने चाचणीचे शेत उपटून टाकले. जे तपासायचे होते तेच नष्ट झाले. त्याच देशाने २०२१ मध्ये जगात प्रथम या तांदळाच्या लागवडीस परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रोखली. पंचवीस वर्षांत या दाण्याने कौतुक आणि शिव्याशाप दोन्ही अनुभवले, पण ज्यांच्यासाठी तो घडवला त्या मुलांच्या ताटात तो क्वचितच पोहोचला.

आपल्या ताटात काय आहे?

घरोघरी होणारा गोंधळ दूर व्हावा म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो.

भारतात जनुकांतरित भाताला लागवडीची परवानगी नाही. असे पीक म्हणून व्यावसायिक लागवडीत आहे तो २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली.

मे २०२५ मध्ये 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १' या दोन भारतीय भातजाती जाहीर झाल्या. त्यांत भाताच्याच जनुकात नेमका छोटा फेरफार केलेला आहे. बाहेरचे जनुक त्यांत ठेवलेले नाही.

ऊतिसंवर्धन म्हणजे जनुकीय बदल नव्हे. जळगावची जी 'टिश्यू कल्चर'ची केळी आपण खातो, ती एकाच चांगल्या झाडापासून वाढवलेली रोपे असतात. त्यांत परके जनुक घातलेले नसते.

रेशनवर गेल्या काही वर्षांत मिळालेला पोषणयुक्त तांदूळ या दोन्हींहून वेगळा आहे, हे वर आलेच आहे.

उद्या एखादे नवे बियाणे बाजारात आले आणि 'हे खावे का?' असे तुम्हांस वाटले, तर चार प्रश्न विचारा. यात नेमके काय बदलले आहे? कशासाठी? कोणत्या चाचण्या झाल्या आणि त्या कोणी पाहिल्या? खाणाऱ्याला ते कळवले आहे का? उत्तरे मिळाली तर भिण्याचे कारण नाही. मिळत नसतील तर थांबण्यात शहाणपण आहे.

आज घरी करण्यासारखे

सोनेरी तांदळाची वाट पाहण्याची मात्र कोणत्याही घराला गरज नाही.

भातासोबत रोज एक हिरवी पालेभाजी असू द्या: शेवग्याचा पाला, अळू, मेथी, चाकवत, लाल माठ, तांदूळजा, जी परिसरात मिळेल ती. लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, मोसमात आंबा हे मुलांना सहज आवडते. भाजीला तेलाची फोडणी हवीच. बीटा-कॅरोटिन स्निग्ध पदार्थांतच विरघळते. चालत असल्यास अंडे द्या.

मुलाला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाची १ लाख एककांची मात्रा, आणि दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा सरकारी केंद्रात मोफत मिळते. एकूण नऊ मात्रा होतात. त्या आरोग्यसेविकेकडूनच घ्याव्यात. मनाने जादा देऊ नयेत, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अतिरेकाने बाधते. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज याच्या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. गर्भात व्यंग येऊ शकते. गाजर-पपई खूप खाल्ल्याने बाळाचे तळहात पिवळे दिसले तर घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे. डोळेही पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

मूल संध्याकाळी अडखळू लागले, अंधार पडताच खेळ सोडून बसू लागले, डोळे कोरडे किंवा त्यांवर फेसाळ ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी घाईत 'अशक्तपणा आहे' असे म्हटले, तर संध्याकाळची गोष्ट पुन्हा एकदा सांगा. माझ्यासारख्या एखाद्याला ती दुसऱ्यांदाच ऐकू येते.

आठवड्याने त्या आजी नातवाला पुन्हा दाखवायला आल्या. खोकला गेला होता. मी विचारले, "हा दिवेलागणीनंतर खेळतो ना?" त्या हसून म्हणाल्या, "खेळतो कसला, घर डोक्यावर घेतो." मी लसीकरणाचे कार्ड मागितले. 'अ' जीवनसत्त्वाच्या रकान्यात शेवटच्या दोन मात्रांच्या जागा रिकाम्या होत्या. वर्षभर कोणाचेच तिकडे लक्ष गेले नव्हते.

"आजी, दाणे निवडण्यात सकाळ जाते ना तुमची? त्यातली एक सकाळ मला द्या. बुधवारी याला उपकेंद्रात घेऊन जा."

बुधवारी त्या गेल्या. तुमच्या घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर हा अंक मिटण्यापूर्वी त्याचे कार्ड एकदा उघडून पाहा.